विंडोजचे अपडेट कायमचे बंद करू नका, त्यांचा दिवस तुम्ही ठरवा

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी: लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे, घरी ब्रॉडबँड नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबी डेटा मिळतो आणि दुपारी शिकवणीला बसेपर्यंत त्यातला अर्धा अपडेटनंच संपवलेला असतो. परवा तर मुलं समोर असताना मशीन रीस्टार्टला गेलं. एक व्हिडिओ बघून तुम्ही 'विंडोज अपडेट' ही सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, बंद केलीत, तर आठवड्याभरात ती आपोआप परत चालू झाली. आता ती कायमची कशी घालवायची, हा तुमचा प्रश्न आहे.

ती परत का उठते ते आधी सांगतो. विंडोजमध्ये 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' नावाची दुसरी एक सर्व्हिस असते. अपडेटची यंत्रणा कुणी बंद पाडली किंवा ती बिघडली, तर ती ठिकाणावर आणणं हेच तिचं काम. व्हायरसही मशीनमध्ये शिरल्यावर बऱ्याचदा आधी अपडेटच बंद पाडतात, म्हणून ही राखण लागते. पुढचे व्हिडिओ मग हिलाही मारायला सांगतात, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीत, हात घालायला लावतात, नाहीतर कुठलासा 'अपडेट ब्लॉकर' उतरवून घ्यायला सांगतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. कुणी बनवलाय हे माहीत नसलेल्या प्रोग्रॅमला अ‍ॅडमिनचा अधिकार देणं म्हणजे घराची किल्ली वाटसरूच्या हातात देणं आहे. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन 'विंडोज अपडेट'चा स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल' करून ठेवा, मूळचा तोच असतो.

कायमचं बंद नको असं मी का म्हणतो? १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर नेमकं त्याच भोकातून जगभर पसरलं, ब्रिटनमध्ये दवाखान्यांची कामं थांबली. दुरुस्ती येऊन दोन महिने होत आले होते, पण असंख्य मशीनवर ती बसवलेलीच नव्हती. जूनमध्ये 'नॉटपेट्या' हे तसलंच दुसरं आलं तेव्हा आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नॉटपेट्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट काहींच्या फाइल पुसल्या गेल्यामुळे चार दिवसांत थांबवावं लागलं. म्हणजे आल्या आल्या बसवायची घाई नको, तसंच महिनोन्‌महिने टाळणंही नको. मधे थोडे दिवस जाऊ द्यायचे.

तुमचे त्रास मुळात दोन आहेत, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. डेटा जातो तो अपडेट उतरवताना. शिकवणी मोडते ती रीस्टार्टमुळे.

डेटासाठी: सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', तिथे वायफाय, तिथे तुमच्या हॉटस्पॉटच्या नावाचे गुणधर्म उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. याचा अर्थ विंडोजला एवढाच कळतो, की हा डेटा मोजून मिळालेला आहे. एखादं फार निकडीचं सोडलं तर बाकी अपडेट मग उतरत नाहीत. दोन जागी लोक फसतात. एक, 'विंडोज अपडेट'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'मीटर्ड कनेक्शनवरही अपडेट उतरवा' अशा अर्थाचं बटण असतं, ते बंदच हवं. दोन, ही खूण त्या त्या हॉटस्पॉटपुरती असते. तुमचा डेटा संपला म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलला लॅपटॉप जोडलात, तर तिथे ती नव्यानं करावी लागेल. हे विसरलं की एका संध्याकाळीत त्याही मोबाइलचा डेटा संपतो. त्याच पानावर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, तेही बंद करा. ते चालू असेल तर उतरवलेल्या अपडेटचे तुकडे तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना पाठवले जाऊ शकतात.

रीस्टार्टसाठी 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' हातानं लावा, म्हणजे त्या तासांत मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तास मिळतात, सकाळी ६ ते रात्री १२ ठेवा. शेजारचं 'गेट मी अप टू डेट' (हे लगेच रीस्टार्ट करायला लावतं) बंद आणि रीस्टार्ट लागणार असेल तर आधी कळवण्याचं बटण चालू.

आता मुख्य गोष्ट. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. अपडेट बसवायला तुम्ही महिन्याचा तिसरा रविवार धरा. दुसरा मंगळवार आणि तिसरा रविवार यांत नेहमी ५ नाहीतर १२ दिवस असतात, तेवढ्यात अपडेटमध्ये मोठी खोट असेल तर तिची बोंब झालेली असते. आणि अपडेट तात्पुरते थांबवणारं 'पॉज अपडेट्स' जास्तीत जास्त ५ आठवडे लावता येतं. एका तिसऱ्या रविवारपासून पुढच्या तिसऱ्या रविवारपर्यंत ४ किंवा ५ आठवडेच होतात, त्यामुळे ते बरोबर बसतं. एकदाचे ५ आठवडे संपले की आधी अपडेट बसवल्याशिवाय परत पॉज लावता येत नाही, हेही आपल्या सोयीचंच आहे.

त्या रविवारी लॅपटॉप चार्जरला लावा, सी ड्राइव्हवर २० जीबी मोकळे आहेत ना ते बघा, शिकवणीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या कुणाच्या ब्रॉडबँडवर जाता आलं तर उत्तम.

आणि एकदा टक्के मोजायला लागलं की बटणाला हात लावू नका. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानातलं मशीन माझ्याकडे आलं होतं. 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं स्क्रीनवर असताना २७ टक्क्यांवर ४० मिनिटं अडकलंय म्हणून मालकांनी बोर्डाचं बटण बंद केलं. जुनी फिरती हार्ड डिस्क होती, काम चालू होतं, फक्त सावकाश. नंतर विंडोज उघडेनाच. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि मालक शेजारी स्टुलावर बसून एकेका गिऱ्हाइकाचं नाव सांगत होते, तसतशी मी त्या त्या पत्रिकेची फाइल शोधून काढत होतो. रात्रीचा एक वाजला. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा बारीक दिवा लुकलुकतोय का, एवढं त्यांनी बघितलं असतं तरी ते थांबले असते. तुमच्या लॅपटॉपला तसा दिवा असेल तर त्यावर नजर ठेवा, नसेल तर निदान दोन तास तरी द्या.

बसवल्यावर काही बिघडलं, समजा माइकच बंद झाला, तर 'अपडेट हिस्टरी'त 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, तिथून तेवढंच काढता येतं. वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट असेल तर 'रिकव्हरी'मधून मागे जायला १० दिवस मिळतात. म्हणून रविवारी काम झाल्यावर पाच मिनिटं शिकवणीचं अ‍ॅप उघडून कॅमेरा आणि माइक तपासा. दोन्ही नीट असले की पुढच्या तिसऱ्या रविवारपर्यंतचा पॉज लावून टाका.