गिऱ्हाइकाशी कंडोम, मग आपल्या माणसाशी का नाही?

देहविक्रय करणारे पुरुष समुपदेशनाला येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ताई, कंडोमचं नाव काढलं की तो म्हणतो, मला गिऱ्हाईक समजतोस का?" हा 'तो' म्हणजे त्यांचा स्वतःचा माणूस, ज्याच्याकडून पैसे घेतले जात नाहीत. पुढचा अनुभव अशा अनेकांच्या बोलण्यातून जुळवला आहे. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

पुण्यात मालिशचं काम करणारा २६ वर्षांचा मुलगा. धंद्यात अगदी पक्का. "जादा पैसे देतो म्हटलं तरी कंडोमशिवाय नाही. माझ्यामुळे माझ्या माणसाला काही व्हायला नको, एवढीच काळजी आहे."

"गेल्या महिन्यात कंडोम नव्हता असं कोणाबरोबर झालं?"

"फक्त त्याच्याबरोबर."

"त्याने एचआयव्हीची तपासणी कधी केली होती?"

"तो कशाला करेल? तो थोडाच धंदा करतो! गावी बायको आहे, इथे मी आहे." मग तो थांबला. बराच वेळ नखाने टेबलाची कड खरवडत राहिला. "म्हणजे ताई, मला लागण झालीच, तर ती घरातून होईल?"

हो म्हणायची घाई मी केली नाही. आपण दिलेली माहिती लोक दाराबाहेरच ठेवून जातात. स्वतःच्या तोंडून निघालेला हिशोब मात्र सोबत घरी जातो. जोखीम पैशाच्या व्यवहारापेक्षा विश्वासाच्या जागी जास्त साचते, हे माझं मत अशा प्रत्येक भेटीत घट्ट होत गेलं आहे. या मुलांसाठी कंडोम म्हणजे गिऱ्हाईक आणि आपला माणूस यांच्यातली खूण. तो काढणं हीच प्रेमाची कबुली. त्यामुळे 'धंदा सोड' हा उपदेश इथे कुचकामी. कबुली द्यायची दुसरी रीत हातात द्यावी लागते.

आम्ही रीत ठरवली ती जोडीने तपासणीची. वाक्यही घोकून घेतलं: "तुझ्यावर संशय नाही. माझं काम असं आहे, म्हणून आपण दोघंही तपासू." बोलायचं ते दिवसा, चहा घेताना. अंथरुणात किंवा दारू प्यायल्यावर हा विषय काढला की भांडणच होतं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात तपासणी मोफत आणि गोपनीय असते. सिफिलिसचीही करून घ्यावी. ताजी लागण पहिल्या तपासणीत सुटू शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा, आणि तोवर कंडोम. धंदा चालू असेपर्यंत तपासणीही ठरावीक अंतराने चालूच ठेवायची.

मालिश करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास सुटते. खोबरेल किंवा बेबी ऑइल लागलं की लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांत कमजोर होतो आणि ऐन वेळी फाटतो. कंडोम वापरूनही लागण झाली असं सांगणाऱ्याला मी आधी तेलाचंच विचारते. हात साबणाने धुवायचे, अंगाला लागलेलं तेल पुसायचं, वंगण पाण्याचंच वापरायचं. भीतीपोटी दोन कंडोम एकावर एक चढवू नयेत, घासून दोन्ही फाटतात. पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलाही वापरू नये.

कंडोम फाटलाच तर ७२ तासांच्या आत एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) देणारं केंद्र किंवा एचआयव्हीवर उपचार करणारे डॉक्टर गाठायचे. पेप, म्हणजे अशा प्रसंगानंतर लागण रोखायचं औषध, सुरू केलं तर गोळ्या २८ दिवस न चुकता घ्याव्या लागतात, आणि जितक्या लवकर सुरू तितकं बरं. तपासणीत एचआयव्ही नसल्याची खात्री झाली तर लागण टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या रोजच्या प्रेप गोळीबद्दल डॉक्टरांना विचारता येतं. निघालाच, तर एआरटी सरकारी केंद्रात मोफत मिळते. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर संभोगातून तो जोडीदाराला लागत नाही. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

त्याचा माणूस आधी चिडला, चार दिवस बोलला नाही, मग एकटाच येऊन तपासून गेला. दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. तीन महिन्यांनंतरच्या फेरीला मात्र जोडीने आले. गावच्या बायकोचं काय, हा प्रश्न तेव्हा त्याच्या माणसानेच काढला, आणि आता आमच्या भेटी त्यावर चालू आहेत.