व्हीएलसीत वाजतं म्हणून फ्लॅशमध्ये चालेलच असं नाही

तुमची पोस्ट वाचून माझेच जुने दिवस आठवले. अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फ्लॅश 8, फोनवर रेकॉर्ड केलेले एमफोरए फाइलीतले संवाद, ते फ्लॅशमध्ये इम्पोर्ट करताना 'फाइल वाचता आली नाही' छापाचा मेसेज, आणि वर तुमचं 'व्हीएलसी प्लेअरमध्ये तर मस्त वाजतंय'. व्हीएलसीत सगळंच वाजतं हो, त्याचे कोडेक (आवाजाच्या फाइली उलगडणारे प्रोग्रॅम) त्याच्या पोटातच असतात. फ्लॅश 8 आहे 2005 चं. त्याला 8 किंवा 16 बिटचा आवाज कळतो आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ते) 11, 22 नाहीतर 44 किलोहर्ट्झचा लागतो. एमफोरएचं नाव बदलून एमपीथ्री केलंत, त्याने आतला एएसी (आवाज दाबून साठवायचा प्रकार) जागचा हलत नाही.

माझं दुखणं जरा वेगळं होतं. गोगलगाय आणि बेडकाची नऊ मिनिटांची फिल्म. संवाद पुण्यातल्याच एका स्टुडिओत पैसे मोजून रेकॉर्ड केले (नाव घेत नाही, उगाच वाद नको). त्यांनी 24 बिट, 48 किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइल्स हातात ठेवल्या. फ्लॅशने एकही घेतली नाही. फोन केला की एकच उत्तर: "आमच्याकडे वाजतंय, प्रॉब्लेम तुमच्याकडे आहे." 16 बिटमध्ये काढून देणं दोन मिनिटांचं काम. मला ते माहीत नव्हतं, त्यांना नक्की होतं. अजून राग येतो.

मग मी जे केलं ते कृपा करून करू नका. सदाशिव पेठेतल्या खोलीत एका कॉम्प्युटरच्या स्पीकरसमोर माइक धरला आणि दुसऱ्यावर चौसष्टच्या चौसष्ट संवाद पुन्हा रेकॉर्ड केले. गोगलगाय "आलेच मी" म्हणते, तिच्या मागे शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. तीही खपली असती. पण त्याच आवाजावर मी महिनाभर लिपसिंक, म्हणजे पात्रांची तोंडं आवाजाशी जुळवत बसलो. शेवटी एका मित्राने मूळ फाइल्स ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलून दिल्या, त्या लावल्या, तर कुठे चार फ्रेमचा फरक, कुठे अकराचा. बेडकाचं तोंड मिटल्यावर आवाज येतोय! महिना पाण्यात.

तेव्हा आधी आवाज पक्का, मग तोंडं. मूळ एमफोरए ऑडॅसिटीत उघडा (विंडोजवर त्यासाठी एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं), रेट 44100 करा, मोनो ठेवा आणि 'साइन्ड 16 बिट पीसीएम' वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा. मिनिटाला साधारण 5 एमबी होते, होऊ दे. कामाच्या फायलीत एमपीथ्री वापरूच नये असं माझं मत आहे. दुसरे वापरतात, त्यांचं चालतंही. मी काही साउंड इंजिनियर नाही.

फ्लॅशच्या टाइमलाइनवर आवाजाचं सिंक सेटिंग 'इव्हेंट' असेल तर 'स्ट्रीम' करा, नाहीतर कॉम्प्युटर जरा दमला की चित्र मागे पडतं आणि आवाज पुढे निघून जातो. फिल्म बाहेर काढायच्या पब्लिश सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा मुळात 16 केबीपीएसवर असतो, तोही वाढवा. नाहीतर सगळी पात्रं जुन्या एसटीडी बूथवरून बोलल्यासारखी वाटतात.

आणि पुढच्या रेकॉर्डिंगला प्रत्येक टेकच्या आधी एक टाळी वाजवा. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, ती उभ्या काडीसारखी दिसते. फाइल कितीदाही बदलावी लागली तरी जुन्या काडीवर नवी काडी ठेवायची.