बोललो तर डोक्यावर बसतील का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातला, तरुण सुपरवायझर माझ्याकडे आला तो झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) डिप्लोमा झालेला, पहिलीच नोकरी. रुईत सुतळी, केस, खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) प्लास्टिक पन्न्या निघत होत्या. सूतगिरणीची तक्रार आली की मालक त्याच्यावर ओरडायचा, तो मजूर बायांवर. भिंतीवर नियमांचा कागद, दंड, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं करून झालं होतं.

"त्या बायांशी बोलता का?"

"मॅडम, जास्त बोललं की माणसं डोक्यावर बसतात. मंग धाक राहत नाई."

ही भीती माझ्याकडे मुख्याध्यापकही बोलून दाखवतात. धाकानं माणूस वेळेवर येतो, हे खरं. पण चूक दिसली तर सांगत नाही, पायानं ढिगाखाली सारतो. जिनिंगमध्ये हे फार महागात पडतं. पन्नीचा एक तुकडा रेच्यात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, गेला की त्याच्या चिंध्या होऊन रुईच्या 170 किलोच्या गठाणीत पसरतात. प्लास्टिक रंग धरत नाही, त्यामुळे कापड रंगवलं की डाग उघडे पडतात.

मी त्याला सांगितलं, कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी कापसाच्या ढिगापाशी जा, "काम कुठं अडते?" एवढंच विचारा आणि थांबा. पहिल्या दिवशी हा वही घेऊन गेला! वही म्हणजे दंड, सगळ्या गप्प. वही ठेवून जायला लागल्यावर काही दिवसांनी एक वयस्क बाई बोलली, "भाऊ, पोते ढिगावरच सोडता तुमी. मंग सुतळी कापसातच पडन ना. मागच्या साली बी सांगतलं होतं, कोणी आयकलं नाई."

पोती गाडीजवळ सोडायची आणि सुतळी-पन्नीसाठी प्रत्येकीच्या कमरेला पिशवी, असं ठरलं. कचरा कमी झाला. बंद नाही झाला, कारण भाव वाढायची वाट पाहत शेतकऱ्यांनी घरात साठवलेल्या कापसातूनही तो येतोच.

मग बायांनी मजुरीचा आणि संडासाचा विषय काढला. हा घाबरून परत आला, "पाहा, हेच म्हणत होतो!" मी म्हटलं, तुमच्या हातात नाही ते तसं सांगा, उत्तर कधी आणाल तो दिवस सांगा आणि नकार असला तरी त्या दिवशी जा. नुसतं गोड बोलून विचारत राहणं ही मला फसवणूक वाटते.

संडास मंजूर झाला. मजुरी त्या हंगामात वाढली नाही, ते त्यानंच जाऊन सांगितलं. दोघी दुसऱ्या जिनिंगला गेल्या. बाकीच्या बाया मात्र ढिगात पन्नी दिसली की आता त्याला हाक मारतात.