दुबईची शाळा मधेच सोडायची वेळ आली तर

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, दोन वर्षांच्या करारात "मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन महिन्यांचा पगार, व्हिसाचा खर्च आणि तिकिटाचे पैसे भरावे लागतील" असं कलम आहे, तर सही करू का. दोन, नागपुरातल्या धरमपेठेतला तुझा एजंट म्हणतो की हे सगळेच लिहून देतात, पुढे काही होत नाही, हे खरं का.

दुसऱ्याचं आधी सांगते. होतं, बाप्पा. माझ्याच बाबतीत झालं.

एप्रिल २०२२ मध्ये मी गणिताची शिक्षिका म्हणून इथे आले. शाळा भारतीय अभ्यासक्रमाची, सीबीएसईची. पगार ४,५०० दिरहम, नोटीस ६० दिवसांची. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. घरी त्रिमूर्तीनगरला आई एकटी, भाऊ पुण्यात. ९ फेब्रुवारीला मी राजीनामा मेल केला आणि महिनाअखेरीस सोडा म्हणून विनवलं. प्राचार्य म्हणाल्या, दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे, आता गणिताला माणूस कुठून आणू? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच बोलले असते. पण दोन दिवसांनी एचआरने हातात जो कागद दिला तो मात्र चूक होता. दोन महिन्यांचा पगार ९,०००, व्हिसा आणि भरतीचा खर्च ६,२००, तिकीट ९००, प्रशिक्षण १,५००. एकूण १७,६०० दिरहम. हे भरलं नाही तर व्हिसा रद्द करणार नाही, म्हणजे रीतसर सुटका नाही, असं वर तोंडी.

प्रशिक्षण म्हणजे काय, तर पहिल्या आठवड्यात स्मार्टबोर्ड कसा चालवायचा ते दोन दुपारी दाखवलं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाच, कारण तुझ्या कलमाचं उत्तर त्यातच आहे. २ फेब्रुवारी २०२२ पासून इथे नवा कामगार कायदा लागू आहे, २०२१ चा ३३ क्रमांकाचा. त्यात करार मुदतीचाच असतो, पण मुदत संपायच्या आधी सोडणं हा गुन्हा नाही. योग्य कारण असेल तर कोणत्याही बाजूने लेखी नोटीस देऊन करार संपवता येतो. नोटीस करारात लिहिली असेल तेवढी, ३० दिवसांपेक्षा कमी नाही आणि ९० पेक्षा जास्त नाही. नोटीस पूर्ण काम करून दिलीस तर त्यापोटी तुझ्याकडे काही निघत नाही. अर्धवट दिलीस तर उरलेल्या दिवसांचा पगार तू भरायचा. म्हणजे "दोन महिन्यांचा पगार" हा दंड म्हणून वेगळा आणि नोटीस वेगळी, असं दोन्हीकडून घेता येत नाही. माझ्या शाळेने नेमकं तेच करायला घेतलं होतं. मी त्या महिन्यात रोज वर्गावर जात होते, तरी कागदावर अख्खे दोन महिने लावलेले.

व्हिसाचा आणि भरतीचा खर्च तर सरळच मालकाचा. याच कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिलं आहे की तो खर्च कामगाराकडून ना थेट घ्यायचा, ना आडमार्गाने. तिकिटाचं थोडं वेगळं आहे. मायदेशी परतण्याचा खर्च एरवी मालकाचा, पण नोकरी तुझ्या कारणाने संपत असेल तर तुझा. मी स्वतः सोडत होते, म्हणून परतीचं तिकीट माझं मीच काढलं. त्यांच्या यादीतले ९०० मात्र मला इथे आणण्याच्या तिकिटाचे होते, आणि तो भरतीचाच खर्च.

तक्रार करायला मी घाबरत होते, खोटं कशाला बोलू. परक्या मुलखात सरकारी खिडकीशी जायचं म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा पोलीसच आठवतात. शेवटी स्टाफरूममधल्या एका केरळच्या मॅडमने माझा फोन हातात घेतला आणि इथल्या कामगार मंत्रालयाच्या ॲपवरून दहा मिनिटांत तक्रार टाकली. या मंत्रालयाला इथे सगळे "मोहरे" म्हणतात. कामगारांच्या तक्रारींसाठी त्यांचा ८००८४ हा फोन आहे, इंग्रजीत बोलतात, हिंदीतही जमतं. तक्रार गेली की त्यांचा माणूस दोन्ही बाजूंशी बोलून १४ दिवसांत तडजोड घडवायचा प्रयत्न करतो. आता, म्हणजे २०२४ पासून, ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतः निकालही देऊ शकतं. कोर्टात जायची वेळ आलीच तर एक लाख दिरहमपर्यंतच्या कामगार दाव्याला फी लागत नाही.

माझं प्रकरण फोनवरच मिटलं. त्या गृहस्थाने शाळेच्या माणसाला दोनच प्रश्न विचारले: नोंदणी केलेल्या करारात प्रशिक्षणाचे पैसे कुठे लिहिलेत, आणि व्हिसाचे पैसे कोणत्या नियमाने मागता. तिकडून उत्तर नाही. मग हिशेब असा लागला: ९ ला मेल, १० ते २७ फेब्रुवारी मी काम केलं, म्हणजे १८ दिवस. ६० मधून १८ गेले, उरले ४२. दिवसाला १५० दिरहम, म्हणून ६,३०० माझ्याकडे निघाले. फेब्रुवारीचा २७ दिवसांचा पगार त्यांनी रोखून ठेवला होता, तो ४,०५०. उन्हाळ्याची सुट्टी मी पगारी घेतली होती, त्यामुळे रजेचे पैसे नाहीत. वर्ष पूर्ण नव्हतं, म्हणून ग्रॅच्युइटीही नाही. ६,३०० वजा ४,०५० म्हणजे २,२५०. तेवढे मी भरले आणि पावती घेतली.

१७,६०० कुठे आणि २,२५० कुठे. पण २,२५० माझ्याकडे निघत होते हेही लक्षात ठेव. आपल्याकडचे लोक सांगतात ना, "एक पैसा देऊ नको, काही करू शकत नाहीत ते," त्यांचं ऐकू नको.

एक प्रसंग मुद्दाम लिहिते, कारण इथेच बरेच जण फसतात. व्हिसा रद्द करायच्या वेळी एक फॉर्म येतो, अर्धा अरबीत, अर्धा इंग्रजीत. त्यात एक ओळ असते की माझी सगळी देणी मला मिळाली, आता माझा काही दावा नाही. आमच्या एचआरच्या बाईने तो फॉर्म इतर पाच कागदांच्या मध्ये ठेवला होता आणि सहीच्या जागी आधीच पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. "जस्ट फॉर्मॅलिटी, मॅम, टायपिंग सेंटर बंद होईल." मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, पावती द्या, मग सही. ती उठून आत गेली. वीस मिनिटं मी भिंतीवरचं शाळेचं ध्येयवाक्य वाचत बसले. मग पावती आली, शिक्क्यासकट. ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांनी तर ते बँकेत पडल्याशिवाय ही सही करूच नये. कायद्याने नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी द्यायची असतात.

अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं की फुकट द्यावं लागतं. तेही त्याच टेबलावर माग, नंतर मेलला कोणी विचारत नाही.

आता तुझ्या ऑफरकडे येते. पाठवलेल्या फोटोत पगार ५,००० आणि त्यात बेसिक २,०००, बाकी भत्ते. हे मला आवडलं नाही. ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक. तुझ्या २,००० वर ती वर्षाला १,४०० होते, बेसिक ३,००० असतं तर २,१०० झाली असती. माग, बहुतेक देणार नाहीत, पण मागून तर पाहा. आणि अकरा महिन्यांनी सोडलंस तर शून्य. म्हणून वर्ष भरायला थोडेच दिवस उरले असतील तर राजीनाम्याची तारीख पुढे सरकव, कितीही वैताग आला असला तरी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुला जो इंग्रजी करार मेलवर आला आहे तो शाळेचा घरचा कागद आहे. मोजला जातो तो मंत्रालयात नोंदवलेला, ज्याच्या एका बाजूला अरबी मजकूर असतो. दोन्हींत फरक निघाला तर अरबी ग्राह्य धरतात. व्हिसाआधी त्या मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर तुझ्या सहीसाठी आलंच पाहिजे. ते येईपर्यंत तुझी तिकडची नोकरी सोडू नको. तुझं कलम त्या नोंदणीच्या कागदात नसेल तर त्याची धार निम्मी गेली समज. शाळेला लिही की "दोन महिन्यांचा पगार" याऐवजी "नोटीसच्या उरलेल्या दिवसांचा पगार" असं करा आणि व्हिसाचं वाक्य काढा. मी २०२४ मध्ये दुसऱ्या शाळेत आले तेव्हा असंच लिहिलं होतं. त्यांनी आढेवेढे न घेता बदललं, नोटीसही ३० दिवसांवर आणली. वाद नोटीस देऊन मिटवला होता म्हणूनच मला परत येता आलं, हेही आहेच.

पहिले सहा महिने प्रोबेशनचे, त्याहून जास्त ठेवता येत नाहीत. त्या काळात देश सोडून जायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस पुरते. इथल्याच दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर एक महिन्याची, आणि भरतीच्या खर्चाची भरपाई नवी शाळा जुनीला देते. शाळाही तुला १४ दिवसांच्या नोटीसवर काढू शकते, तेवढं मनात असू दे.

सुट्टीवर नागपूरला येऊन परत जायचंच नाही, हा विचार मात्र करू नको. आमच्या स्टाफमधल्या एका मुलीने जुलैत तेच केलं. सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिलं की शाळा फरार म्हणून नोंद करू शकते, आणि त्यापुढे एक वर्ष नवं वर्क परमिट मिळत नाही. वर बँकेचं कर्ज असेल तर आणखी पंचाईत. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेपासून इथल्या दिवाणी कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयातून वसूल करता येतो. विमान नागपूरला सोनेगावला उतरलं म्हणून कर्ज तिकडे राहत नाही.

आता एजंट. तो तारीख न टाकलेला दीड लाखाचा चेक आणि पाचशेच्या स्टॅम्पवर बाँड मागून राहिला म्हणतेस. काहून द्यायचा? सरकारी नियमाने परवानाधारक एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. परवाना आहे का ते ई-मायग्रेट या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. बाँडमध्ये आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होतो असं नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाने वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. पण चेक वटला नाही की चेक न वटण्याबद्दलच्या १३८ व्या कलमाची नोटीस घरी येते, आणि ती तुझ्या वडिलांच्या हातात पडते. शेवटी जिंकशीलही, पण जिल्हा न्यायालयाच्या तारखा कोण करणार? चेक देऊच नको.

मूळ डिग्री शाळेत ठेवायला देऊ नको. नागपूर विद्यापीठाची डिग्री आणि बी.एड. साक्षांकित करायला मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला दोन फेऱ्या मारल्या: राज्य सरकारचं मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का, कारण नुसतं अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र खात्याचं आंतरराष्ट्रीय साक्षांकन, इथे चालत नाही. एवढं करून मिळवलेला कागद मी मंजुरीसाठी म्हणून एचआरला दिला आणि भांडणाच्या काळात तो "लॉकरमध्ये आहे, चावी सरांकडे आहे" असं ऐकत बसले. दाखव, स्कॅन करू दे, परत घे. पासपोर्ट तर कोणालाच ठेवून घेता येत नाही, तो मागितला तर सरळ नाही म्हण.

हे सगळं अमिरातीतल्या खासगी शाळांचं. सरकारी शाळा आणि दुबईतले काही फ्री झोन यांची खिडकी वेगळी. उद्या कतार किंवा सौदीची ऑफर आली तर यातलं काही तिकडे लावू नको.

अडचण आली तर भारतीय दूतावासाचा ८००४६३४२ हा फुकटचा फोन आहे, आकड्यांच्या जागी अक्षरं लावली की "८०० इंडिया" होतं. मी तो वापरला नाही, पण त्या केरळच्या मॅडमच्या बहिणीचा पगार अडकला होता तेव्हा तिथूनच वकिलाचा सल्ला मिळाला.

मंत्रालयाचं ऑफर लेटर आलं की दोन्ही बाजू दिसतील असा फोटो पाठव, अरबी मी आमच्या शाळेतल्या अरबीच्या सरांकडून वाचून घेते. शुक्रवारी इथे अर्धाच दिवस शाळा असते, तुमच्याकडे तीन वाजल्यानंतर फोन कर. आणि सही करायच्या आधी कर, नंतर नको.