पखवाजात 'आवाज' नाही

प्रश्न : जिंतूरहून एक शिक्षक विचारतात, "सप्ताहाच्या पत्रिकेवर 'मृदंगाचार्य' असं छापतात आणि निवेदक मात्र माइकवरून 'पखवाजवादक' म्हणतो. वाद्य तर एकच दिसतं. मग बरोबर काय? लिहिताना पखवाज लिहावं की पखावज? आणि 'पाक आवाज'वरून पखवाज झाला, असं निवेदकानं सांगितलं, ते खरं का?"

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण या 'पाक आवाज'नं माझं डोकं फार दिवस उठवलंय. हरिपाठ संपलाय, कीर्तनकार अजून यायचेत, माइक हातात आहे आणि बोलायला काही नाही, अशा वेळी हटकून हे सुचतं. पाक म्हणजे पवित्र, त्याचा आवाज तो पखवाज; वाजवा टाळ्या. 'पाक'चा 'पख' कुठल्या न्यायानं झाला, हे कुणी विचारत नाही. नापाकला आपण नापाकच म्हणतो, नापख म्हणत नाही. हाच निवेदक पाच मिनिटांनी तबल्यावर घसरतो : पखवाज मधोमध तोडला, 'तोडा, तब भी बोला', म्हणून तबला! अहो, पखवाज मधून कापला तर खालून उघडे दोन तुकडे हातात येतील. तबल्याचं खोड वरून कोरतात, त्याचा तळ बंद असतो. आणि डग्ग्याचं भांडं धातूचं किंवा मातीचं, ते लाकडातून निघणार कसं? अरबीत तबल म्हणजे ढोल. तबला त्यातून आला. विषय संपला.

मात्र लोक पखवाजात आवाज का ऐकतात, ते कळण्यासारखं आहे. दोन्हींतला शेवटचा 'ज' सारखा आहे, जहाजातला, जिभेचं टोक दाताला लावून काढायचा. फारसीचा नुक्त्याचा ज़ मराठीत आला की या 'ज'वर येऊन बसतो, आणि आपल्याकडं उर्दू कानावर असल्यानं त्या 'ज'ला लगेच फारसी वास येतो. पण हा 'ज' आपल्या घरचाही आहे. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जु, वीज. उत्पद्यते, उप्पज्जइ, उपजतो. संस्कृतातला 'द्य' प्राकृतात 'ज्ज' होतो आणि मराठीत एकटा 'ज' उरतो. पखवाजातला 'ज' हा असा 'द्य'च्या घरचा आहे. फारसीशी त्याची सोयरीक नाही.

'पख' तर मराठवाड्यातल्या माणसाला सांगायचीही गरज नाही. भाद्रपदात पितरपाख येतो. छपराच्या एका उताराला पाखं म्हणतात, दोन उतारांचं घर ते दुपाखी. पक्षचा पाख झाला, आणि समासात पुढं शब्द जोडला की तोच आखडून पख होतो.

आता मृदंग. मृद् म्हणजे माती, अंग म्हणजे अंग. खोड मातीचं होतं तेव्हाचं हे नाव, खोड लाकडाचं झालं तरी नाव तेच राहिलं. वारकऱ्यांचा मृदंग आणि मैफलीतला पखवाज हे एकच वाद्य. फडावर, दिंडीत, सप्ताहात मृदंग म्हणतात. ध्रुपदाच्या मागं बसला की तोच पखवाज होतो. दक्षिणेतला मृदंगम मात्र वेगळा, त्याचं खोड बहुधा फणसाचं, बोलही निराळे. पत्रिकेवर मृदंगाचार्य छापलं तर काही चुकलं नाही. चूक शोधायचीच तर 'आचार्य'मध्ये शोधा, कारण हल्ली दोन हंगाम वाजवलेलं पोरगंही आचार्य असतं.

वाद्य मात्र जवळून बघा. अनेकजण पखवाजावर तासभर बोलतात आणि त्याच्या दोन पुड्यांतला, म्हणजे कातडं मढवलेल्या तोंडांतला, फरक त्यांना ठाऊक नसतो. उजवी पुडी लहान, तिच्यावर शाई, म्हणजे काळा लेप, कायमची बसवलेली. डावी मोठी, ती धूम. तिच्यावर शाई नसते. तिथं वाजवणारा दर वेळी ओली कणीक थापतो. कीर्तनाआधी अर्धा तास मंडपाच्या कडेला बघावं : गडी परातीतून लिंबाएवढा गोळा घेतो, पाण्याचा हात लावून मळतो, पुडीच्या मध्यावर दाबतो, अंगठ्यानं कडा पातळ करत नेतो, एक थाप मारतो, मान हलवतो, चिमूटभर कणीक काढतो, परत थाप. गोळा वाढला की नाद खाली जातो. मग पेटीवाला काळी चार किंवा पाच धरतो आणि हातोडी निघते. वादीखाली, म्हणजे दोन्ही पुड्या ताणून धरणाऱ्या चामडी पट्टीखाली, बसवलेले लाकडी गठ्ठे शाईच्या पुडीपासून लांब ठोकले की वादी ताणते आणि सूर चढतो. बारीक फरक असेल तर गजऱ्यावरच, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हलकेच ठोकतात. कीर्तन संपलं की कणीक खरवडून काढायची, नाहीतर ती वाळून पुडी खराब करते. आणि हो, कणीक गव्हाचीच लागते. ज्वारीच्या पिठाला तो चिवटपणा नाही. भाकरीच्या मुलखातही मृदंगासाठी गहू दळावा लागतो. आता नटबोल्टचे पखवाज आलेत, पान्यानं सूर लावतात, गठ्ठे नाहीत, हातोडी नाही. दिंडीत पावसापाण्याला बरे पडतात. नादाबद्दल मी इथं बोलत नाही, विषय शब्दाचा आहे.

तर शब्द. पुढचा अर्धा भाग कोणता, इथं खरं भांडण आहे. मराठीत सर्रास दिली जाते ती व्युत्पत्ती 'पक्षवाद्य' : पक्ष अधिक वाद्य, पक्खवज्ज, पखवाज. दिसायला अगदी गुळगुळीत. वाद्यते पासून वाजते झालं तसंच हे. ज्यांनी ही फोड दिली त्यांनी मराठीपुरतं बघितलं आणि झोपी गेले. कारण हिंदीत, ब्रजात हा शब्द पखावज आहे, पखाउज आहे. तिथं 'खा' दीर्घ आणि 'व' ऱ्हस्व. पक्षवाद्यातून हा मधला 'आ' काढून दाखवा बरं. निघत नाही. प्राकृतात पक्खाउज्ज असं रूप मिळतं, आणि ते पक्षवाद्यातून येऊच शकत नाही. ते येतं पक्ष अधिक आतोद्य यातून.

आतोद्य हा शब्द माझा फार लाडका आहे. तुद् म्हणजे टोचणं, ठोसणं, मारणं. आतोद्य म्हणजे ज्यावर आघात करायचा ते. आणि गंमत बघा, भरताच्या नाट्यशास्त्रात आतोद्य चार प्रकारचं सांगितलंय : तत म्हणजे तारांचं, अवनद्ध म्हणजे कातड्यानं मढवलेलं, घन म्हणजे टाळ-झांजांसारखं भरीव आणि सुषिर म्हणजे भोकाचं, फुंकायचं. म्हणजे 'मारायचं ते' या शब्दात बासरीही येऊन बसली. शब्द एकदा ऐसपैस झाला की असं होतं. पण प्राकृत बोलणाऱ्या लोकांनी त्याला पुन्हा ताळ्यावर आणलं. दोन स्वरांमधला 'त' गळाला, जसा माताची माय होताना गळतो, 'द्य'चा 'ज्ज' झाला, आउज्ज, आवज. आणि आवज म्हणजे पुन्हा फक्त थापेचं, चामड्याचं वाद्य.

हे मी हवेत बोलत नाही. आवज हा शब्द लिहून ठेवणारा माणूस आपल्याच मुलखात बसला होता. संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, तो देवगिरी. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले, बाप यादवांच्या चाकरीत, हा स्वतः श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. दिवसभर जमाखर्च बघून या गृहस्थानं संगीतरत्नाकर लिहिला, सात अध्यायांचा, आणि सहावा सगळा वाद्यांवर. हिशेबनिसाचीच शिस्त आहे त्यात : कुठलं वाद्य किती अंगुळं लांब, तोंड केवढं, कडी कशाची, दोरी कुठून ओवायची. त्यात हुडुक्का या वाद्यापाशी तो सांगतो की प्रत्यक्ष वादन जाणणारे लोक हिला आवज म्हणतात, आणि स्कंधावजही म्हणतात. पंडितांच्या नावाशेजारी वाजवणाऱ्यांचं नाव नोंदवायची ही खोड मला त्याच्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा मोठी वाटते.

तेव्हा मूळ पखावजच. मग मराठीत पखवाज कसा झाला? माझं म्हणणं असं की 'वाजणे' हे क्रियापद आपल्या जिभेवर चोवीस तास असतं. 'आवज' हा सुटा शब्द लोक विसरले, मग पखावजातला 'आवज' कुणाला ओळखू येईना, आणि ओळखीचा 'वाज' त्याच्या जागी येऊन बसला. दीर्घ मात्रा एक घर पुढं सरकली, एवढंच. म्हणून मराठीत पखवाज लिहा, बिनधास्त लिहा. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशापासून कोशांत ते आहे आणि तोंडी त्याहून जुनं असणार. 'पखावज हेच शुद्ध' असं म्हणत मराठी लेख तपासणारे जे आहेत, त्यांनी आधी 'माय' खोडून 'माता' करावं.

आता 'पक्ष'. सगळे म्हणतात, दोन बाजूंनी वाजतो म्हणून पक्ष. पूर्वी मीही 'दुपाखी वाद्य' म्हणून मान डोलवायचो, शब्द छान बसतो. पण जरा थांबा. दोन बाजूंनी काय वाजत नाही? ढोल दोन बाजूंचा, ढोलकी दोन बाजूंची, ज्याला आवज म्हणायचे तो हुडुक्काही दोन तोंडांचा. हलगी आणि दिमडी एकतोंडी, संबळाची दोन भांडी सुटी, कमरेला बांधून काड्यांनी वाजवायची. पण त्यांना आवज कुणी म्हटलंय? आवजांमध्ये एकाला वेगळं काढायचं असेल तर 'दोन बाजूंचा' या विशेषणानं काहीच वेगळं निघत नाही. नाव फरक दाखवण्यासाठी ठेवतात.

स्कंधावज या नावाकडं परत बघा. स्कंध म्हणजे खांदा. म्हणजे आवजाला नाव देताना लोकांनी तो शरीरावर कुठं अडकवतात ते बघितलंय, त्याला तोंडं किती आहेत ते मोजलेलं नाही. खांद्याचा तो स्कंधावज. मग पक्षावज म्हणजे पाखाचा, कुशीचा, बगलेचा आवज, हे का नको? पक्षचा अर्थ संस्कृतात माणसाच्या अंगाची बाजू असाही आहेच. दिंडीत मृदंग कसा धरतात ते आठवा : पट्टा गळ्यात, खोड पोटावर आडवं, आणि एक पुडी उजव्या कुशीला, दुसरी डाव्या. दोन्ही 'पाख' वादकाचे आहेत, वाद्याचे नाहीत.

या मतावर अंबाजोगाईच्या एका जाणत्या गृहस्थांनी मला फैलावर घेतलं. त्यांचा मुद्दा : पखवाजाचे थोर वादक बसूनच वाजवतात, त्यांच्या तालुक्यातल्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर मांडीपुढं पखवाज ठेवून मैफली गाजवत, तिथं कुशीचा काय संबंध? (हे आपेगाव वेगळं बरं, ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठणजवळचं. लोक दोन्हींची खिचडी करतात.) पण बैठक ही नंतरची सोय, असं मी धरतो. नाव पडलं असणार ते उभ्यानं, चालत, नाचणाऱ्याच्या मागं वाजवणाऱ्यांत. गृहस्थ अजून मानत नाहीत. कोशाकडं बोट दाखवतात. कोशकारानं खांद्याला वाद्य अडकवून बघितलेलं नसतं, त्याला मी काय करू.

हुडुक्क्याचा भाऊबंद अजून जिवंत आहे. कुमाऊँ-गढवालात हुडका वाजवतात, कंबर बारीक असलेला, एका हातात मावणारा. त्याचा पट्टा खांद्यावरून जातो आणि वाद्याच्या दोऱ्यांना जोडलेला असतो. वादक हुडका पुढं ढकलून पट्टा ताणतो, दोऱ्या आवळतात, सूर चढतो. ढिला सोडला की उतरतो. त्या वाद्यात खांदा हा सूर लावण्याच्या यंत्रणेचाच एक भाग आहे, म्हणून स्कंध हे नाव त्याला शोभतं. पखवाजाचा पट्टा नुसतं ओझं वाहतो, सुराचं काम गठ्ठ्यांकडं आणि कणकेकडं. तेव्हा त्याला खांद्याचं नाव मिळालं नाही, ज्या कुशीला तो टेकतो तिचं मिळालं. 'दोन तोंडांचं' म्हणणाऱ्यांनी आधी हुडुक्क्याची तोंडं मोजून यावीत.