ग्रंथसंग्रह, वाचकांचे प्रश्न : सिनेसमीक्षेची जुनी पुस्तकं

प्रश्न : खजुरी बाजारात सत्यजित राय यांचं 'अवर फिल्म्स, देअर फिल्म्स' मिळतंय. आत १९७६ साल आहे. दुकानदार पहिली आवृत्ती म्हणून जास्त पैसे मागतो. खात्री कशी करावी? (रामबाग, इंदूर)

उत्तर : नुसत्या १९७६वर पैसे मोजू नका. ओरिएंट लाँगमननं हे पुस्तक त्याच वर्षी काढलं हे खरं, पण पुनर्मुद्रणातही मूळ साल तसंच राहतं. शीर्षकपान उलटा आणि मागचं पान अगदी तळाच्या ओळीपर्यंत वाचा. 'रीप्रिंटेड' हा शब्द आणि पुढे साल दिसलं, की ती पहिली छपाई नव्हे.

अशी ओळ नसली तरी लगेच होकार देऊ नका. प्रकाशकाच्या इंग्रजी पत्त्यात 'मुंबई', 'चेन्नई' किंवा 'कोलकाता' असेल, तर इंग्रजीतली ही अधिकृत नावं अनुक्रमे १९९५, १९९६ आणि २००१ची आहेत. ८१ने सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, १९७६च्या प्रतीवर असू शकत नाही, भारतात ते क्रमांक १९८५पासून मिळू लागले. तेरा आकडी क्रमांक तर २००७च्या आसपासचा किंवा नंतरचा. हायपेरियनची प्रत असेल तर ती १९९४ची अमेरिकी आवृत्ती. याहून जुन्या पुस्तकांना आणखी दोन खुणा उपयोगी पडतात : पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२नंतरची, आणि किंमत रुपये-आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७च्या आधीची.

मग पानं मोजा. सिनेमाच्या पुस्तकांतून फोटो कापून घेण्याची खोड फार जुनी आहे. आर्टपेपरवरच्या चित्रपानांना बहुतेकदा पृष्ठक्रमांक नसतो, त्यामुळे एखादं गेलं तरी चाळताना कळत नाही. चित्रांची यादी असेल तर एकेक चित्र ताडून पाहा आणि शिवणीजवळ ब्लेडनं कापलेली अरुंद पट्टी उरली आहे का, बोट फिरवून बघा. एक फोटोपान गेलेली प्रत वाचायला घ्या, संग्रहाच्या भावानं घेऊ नका.

प्रश्न : बार्नो आणि कृष्णस्वामी यांचं 'इंडियन फिल्म' घरात आहे, १९६३चं. पाठ सुटली आहे, जॅकेट दोन ठिकाणी फाटलंय, आत वर्तमानपत्रांतली परीक्षणं कापून ठेवलेली आहेत. रेक्झिनमध्ये नवीन बांधून घेऊ का? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : कृपा करून नको. ही कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसची मूळ आवृत्ती आहे. वाचण्यासाठी १९८०ची ऑक्सफर्डची सुधारित आवृत्ती जास्त कामाची, पण जपायची ती हीच. नेहमीचा बाइंडर आधी जुना पुठ्ठा फेकतो, मग कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मशीन चालवतो आणि पाठीजवळून आरपार टाके घालतो. समास जातो, पुस्तक पुन्हा सपाट उघडत नाही, आणि जॅकेट नव्या मापाला बसत नाही म्हणून रद्दीत जातं. जुन्या पुस्तकाच्या किमतीचा मोठा भाग त्या जॅकेटमध्येच असतो.

जुजबंदी, म्हणजे आतली शिवण, शाबूत आहे का, एवढं आधी बघा. फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) एकमेकांना शिवलेले असतील आणि फक्त पुठ्ठा सुटला असेल, तर हात लावू नका. दोन सेंटिमीटर रुंद सुती फीत पुस्तकाभोवती बांधा, गाठ समोरच्या कडेला घ्या आणि पुस्तक आडवं ठेवा. फर्मेच सुटले असतील तर ग्रंथसंवर्धन करणाऱ्या माणसाकडेच न्या आणि 'कटिंग नको, जुना पुठ्ठा परत हवा' हे कागदावर लिहून द्या.

जॅकेटला सेलोटेप कधीही लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो, तपकिरी तेलकट पट्टा पडतो आणि तो नीट निघत नाही. आधीच लावलेली असेल तर ओढू नका, छपाई सोबत निघते. फाटलेल्या जागी आतल्या बाजूनं जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावतात. पट्टी कातरीनं न कापता पाण्याची रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड उठून दिसत नाही. खळ अगदी कमी घ्या, ओल जास्त झाली की कागद सुरकुततो. वर न चिकटणारा सिलिकॉन पेपर ठेवून रात्रभर वजन द्यायचं. ही पद्धत आधी रद्दी कागदावर करून बघा. नंतर जॅकेटवर पॉलिएस्टरचं पारदर्शक आवरण घाला. बाजारातलं स्वस्त पीव्हीसीचं कव्हर छपाईला चिकटतं.

कात्रणं पुस्तकातून आजच काढा. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर उतरतं आणि कात्रणाच्याच आकाराचा डाग पडतो. पण ती टाकू नका! त्या वेळी कुणी काय लिहिलं याचा तो पुरावा आहे, कधीकधी पुस्तकापेक्षाही दुर्मीळ. आम्लमुक्त पाकिटात ठेवा, आणि कोणत्या पानांमध्ये सापडली ते पाकिटावर पेन्सिलीनं लिहा.

प्रश्न : डांबरगोळ्या ठेवूनही कपाटात पुस्तकांखाली बारीक भुसा पडतो. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ताजा भुसा म्हणजे आत जिवंत अळी आहे. डांबरगोळीचा तिच्यावर फारसा उपयोग नाही, आणि तो वास माणसालाही चांगला नाही. पुस्तक पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण २४ तास पिशवी उघडायची नाही. थंड पुस्तकावर दव धरतं, आर्टपेपरची पानं एकमेकांना चिकटतात आणि एकदा वाळली की सुटत नाहीत. भिजलेलं किंवा दमट पुस्तक मात्र या उपायासाठी घेऊ नका. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पावसाळ्याआधी पाच सेंटिमीटर पुढे ओढा.

प्रश्न : वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत घ्यावी का? (राजवाडा, इंदूर)

उत्तर : दाखल नंबरासोबत (वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) 'निर्लेखित', म्हणजे नोंदीतून काढून टाकलेलं, असा शिक्का असेल तर घ्या, भाव कमी करून मागा. तो नसेल तर आधी त्या वाचनालयात दाखल नंबर सांगून विचारा, पुस्तक अजून त्यांच्या नोंदीत असू शकतं. 'मध्य भारत' असा शिक्का दिसला तर खोडू नका. ते राज्य १९४८ ते १९५६ एवढंच होतं, त्यामुळे प्रत केव्हा इथे होती हे त्या शिक्क्यावरून कळतं.