स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी चालते का?

प्रश्न : आम्ही वीस महिने वेगळे राहतो. आता भांडण उरलेलं नाही. सात वर्षांची मुलगी माझ्याकडे असते. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज चालू. मी पूर्वी ४९८-अची (सासरच्या छळाची) तक्रार दिली होती. नातेवाईक म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी करा, कोर्ट कशाला? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल, तर नोटरीच्या शिक्क्याने ते मोडत नाही. (काही समाजांतली काडीमोडीची रूढी कायदा मानतो, पण ती सिद्ध करताना नाकी नऊ येतात.) त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलंत तर ते रद्दबातल, वर गुन्हा.

वाटाघाटी मात्र बाहेरच उरका. मग कलम १३-ब खाली संमतीचा संयुक्त अर्ज करा. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुढचे सहा महिने थांबणं, अमरदीप सिंग खटल्याच्या २०१७च्या निकालापासून, कोर्ट माफ करू शकतं. पण पोटगी, ताबा, सगळं खरोखर मिटलेलं हवं.

घोळ होतो तो मोघम अटींमुळे. ‘मुलीला सोयीनुसार भेटता येईल’ हे वाक्य म्हणजे पुढच्या भांडणाचं बी. कोणता शनिवार, किती वाजता, कुठून न्यायचं, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, हे लिहा. मुलीची पोटगी तुम्ही परस्पर सोडू शकत नाही; तो तिचा हक्क. दागिने वस्तूवार आणि ग्रॅममध्ये नोंदवा: साज, पाटल्या, मंगळसूत्र.

फ्लॅटवर लोक हमखास फसतात. ‘हप्ते नवरा भरेल’ हे तुमच्या दोघांत ठरलं, तरी बँकेला ते बांधील नाही. हप्ता थकला की बँक तुम्हालाही धरणार. आधी बँकेकडून कर्जातलं नाव कमी करून घ्या, मगच हक्कसोडपत्र नोंदवा.

हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून एकरकमी पोटगीचा अर्धा डीडी पहिल्या अर्जावेळी, उरलेला शेवटच्या तारखेला.

४९८-अ नुसत्या तडजोडीने मिटत नाही, उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५पासून त्या न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच असल्याने मुंबईच्या खेपा वाचल्या.

दोघांत एकच वकील स्वस्त पडतो, तरी सहीआधी मसुदा स्वतःच्या वकिलाला दाखवाच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.